हातची ओवाळणी

दिवाळीचा पाडवा आणि गुजराती मंडळींचे बेसते वर्ष ही दोन्ही एकाच तिथीस, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस येतात. त्यामुळे सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला त्या दिवशी दोन संसार सांभाळावे लागतात. सकाळी शेजारपाजारी जाऊन ‘साल मुबारक’ म्हणावयाचे, मुखवास तोंडात टाकावयाचा, आणि संध्याकाळी आपल्या घरी पाटावर बसून पत्नीकडून ओवाळून घ्यावयाचे. बडोद्याहून किंवा दक्षिणेतून येऊन चार-चार पिढ्या इकडे रुजलेल्या आपल्या घरांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या. भाषेत गुजराती शब्द आले, आमटीत गूळ अधिक पडू लागला. पण पाडव्याचे औक्षण सुटले नाही. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, आणि शेवटी तबकात पडणारी ओवाळणी हा क्रम अजून चालू आहे.

आज लिहावयाचे आहे ते या ओवाळणीविषयी.

सुरत हे जरीचे, साड्यांचे आणि हिऱ्यांचे शहर. येवल्याच्या पैठणीच्या काठापदरात जी जर चमकते ती बहुधा येथूनच गेलेली असते. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात तेही येथेच. अशा गावात पाडवा जवळ आला की दुकानांच्या पाट्या नवऱ्यांना उद्देशून बोलू लागतात. बायकोवर प्रेम असेल तर अमुक घ्या, हप्त्यांची सोय आहे, घडणावळ माफ आहे. गेली काही वर्षे हिऱ्याच्या धंद्यात मंदी आहे. ज्या हातांनी हजारो हिऱ्यांना पैलू पाडले त्यांतील कितीतरी हात कामाविना बसले आहेत. अशा घरांतील कर्त्या पुरुषाला त्या पाट्या काय सांगत असतील? ज्याच्या खिशात यंदा काही नाही, त्याच्या मनातही काही नाही, असेच ना?

आमचे म्हणणे असे की हा हिशेबच चुकीचा मांडला गेला आहे. पाडव्याच्या दिवशी घरात काय काय असते ते पाहा. उटणे घरी कालवलेले, रांगोळी हाताने काढलेली, चकलीची भाजणी घरी भाजलेली, करंजीची मुरड बोटांनी घातलेली. निरांजनातील वातसुद्धा तिने वळलेली असते. तबकाच्या पलीकडच्या बाजूस सारे हातचे, आणि अलीकडच्या बाजूस, म्हणजे आपल्या बाजूस, फक्त विकतचे. तिने पंधरा दिवस खपावे आणि आपण पंधरा मिनिटांत दुकानातून उरकून यावे. ही देवाणघेवाण बरोबरीची आहे असे समजून आपण पिढ्यान्‌पिढ्या पाटावर बसत आलो. पत्नीला न सांगता, आपल्या हातांनी, तिच्यासाठी काही करावे ही कल्पना आपल्या घरांतून फारशी रुजलीच नाही.

आमच्या वडिलांची एक गोष्ट सांगतो. ते सतारिये होते. आजोबांच्या मागून, मिसरूड फुटण्याच्या वयात, बडोद्याच्या दरबारच्या कलावंतांत त्यांचे नाव लागले. आणि दोन वर्षे होतात न होतात तोच, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे शिकवण्या, लहानसहान बैठकी, आणि १९७४ साली सुरत. जरीच्या व्यापाऱ्यांच्या घरांतून मुलामुलींना सतार शिकवून त्यांनी संसार केला. आम्ही त्यांचे शेंडेफळ.

आमची आई सांगली-मिरजेकडची. लग्नात तिने एक तंबोरा आणला होता. तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूस पिकतात आणि त्यांची वाद्ये मिरजेत होतात. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हांला प्रथम तो तंबोरा आठवला. आई लग्नापूर्वी सात वर्षे गाणे शिकली होती. आवाज काळी चारचा. लग्नानंतर ती गायली ती मंगळागौरीला आणि पाळण्याच्या वेळी. बडोद्याहून सामान आणताना तंबोऱ्याच्या भोपळ्यास तडा गेला. ‘बघू पुढे’ असे म्हणून वडिलांनी तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. गावातल्या शिष्यांच्या सतारी ते स्वतः दुरुस्त करीत, पडदे बांधीत, जवारी काढून देत. हा तंबोरा मात्र माळ्यावरच राहिला.

१९८८ च्या दिवाळीत हाताशी पैसा नव्हता. दोन मोठ्या शिकवण्या सुटल्या होत्या. घारीचा चांदनी पडवोदेखील त्या वर्षी आम्ही शेजाऱ्यांच्या पानावर साजरा केला. कोजागिरी झाल्यावर एके दुपारी आई देवळात गेलेली असताना वडिलांनी तंबोरा माळ्यावरून काढला आणि आम्हांला बजावले, ‘आईला बोलायचं नाही.’ आम्ही नऊ वर्षांचे. तंबोरा एका शिष्याच्या घरी गेला. वडील रोज शिकवणी संपली की तास-दीड तास तेथे बसत. सरसात लाकडाचा भुसा कालवून त्यांनी तडा भरला, आतून कापडाच्या पट्ट्या बसवल्या, वरून रंग-रोगण केले, नव्या तारा चढवल्या, आणि घोडीवर कानस फिरवून जवारी काढली. आम्ही सूत धरावयास बसत असू. जवारी नीट लागली की एका तारेतून सारे सूर कसे फुलून येतात ते आम्हांला त्या दिवसांत प्रथम कळले.

पाडव्याला औक्षण झाले. वडिलांनी तबकात सव्वा रुपया टाकला. आईच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. तिला अपेक्षाच नव्हती. मग त्यांनी खूण केली आणि आम्ही आतून तंबोरा आणला.

आईने तबक खाली ठेवले. गवसणीवरून हात फिरवला. तारा छेडल्या. आणि मग शांतपणे म्हणाली, ‘अहो, रामाचा वनवाससुद्धा चौदाच वर्षांचा होता.’

वडील काही बोलले नाहीत. तिने तंबोरा मांडीवर घेतला, षड्ज लावला, आणि थांबली. वडिलांनी तारा काळी चारमध्ये मिळवल्या होत्या. एकवीस वर्षांची वधू ज्या सुरात गात होती तो सूर त्यांनी जपून लक्षात ठेवला होता. पण समोर बसली होती ती शेहेचाळीस वर्षांची बाई. तिचा आवाज केव्हाच खाली, पांढरी चारपर्यंत, उतरला होता. एकाच छपराखाली राहून ते या गानतज्ज्ञाच्या कानांना कळले नव्हते. तिने एकेक खुंटी सैल केली आणि तारा आपल्या सुरात आणल्या. एवढ्या वेळात वडिलांची मान जी खाली गेली ती वर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा वडील करू लागले. चहा चांगला होत नसे. पण तेवढा अर्धा तास पुढची खोली आईची झाली. तिचे गाणे पूर्वीसारखे काही झाले नाही. चौदा वर्षे बंद असलेली तान एकदम उघडत नाही. तरी अखेरपर्यंत तो अर्धा तास चुकला नाही. आज विचार करता वाटते की तंबोरा ही वडिलांची खरी ओवाळणी नव्हती. खरी ओवाळणी तो चहा आणि ती मोकळी खोली.

या गोष्टीत शिकण्यासारखे आहे ते असे. हातची वस्तू विकतच्यापेक्षा मोलाची का? स्वस्त म्हणून नव्हे, किंवा त्यात कला असते म्हणूनही नव्हे. ती करावयाची तर माणसाकडे नीट पाहावे लागते. दुकानदाराला आपल्या पत्नीविषयी काहीच ठाऊक नसते, आणि तरीही त्याच्याकडचा जिन्नस चालतो. हाताने काही करावयाचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, तिला काय हवे आहे? आणि तो लग्नाच्या वेळच्या तिला विचारून भागत नाही, आजच्या तिला विचारावा लागतो. वडिलांची मेहनत खरी होती, कारागिरी उत्तम होती. चूक झाली ती सुराची.

पाश्चात्त्य संगीतातील एक प्रसंग येथे आठवतो. रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराची पत्नी कोझिमा हिचा वाढदिवस नाताळच्या दिवशी साजरा होत असे. १८७० सालच्या नाताळात, स्वित्झर्लंडमधील लुसर्नजवळच्या त्यांच्या घरी, सकाळी ती जागी झाली तीच वाद्यांच्या आवाजाने. वाग्नरने तिला कळू न देता एक रचना केली होती, वादकांकडून तालीम करवून घेतली होती, आणि पहाटे त्यांना घराच्या जिन्यात उभे केले होते. आदल्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या, सीगफ्रीडच्या, नावाने ती रचना आज जगभर ओळखली जाते. घरगुती ओवाळणीचा इतका सुरेल नमुना क्वचितच सापडेल. पण कथा तेथे संपत नाही. पुढे पैशाची अडचण आली आणि १८७८ साली वाग्नरने ती रचना प्रकाशकाला विकली. कोझिमाला त्याचे दुःख झाले. जगाला एक सुंदर कृती मिळाली हे खरे. पण जे फक्त तिचे होते ते सर्वांचे झाले. हातच्या देण्याचे हेही एक पथ्य आहे. दिले ते परत घेऊ नये आणि चारचौघांत मिरवू नये. अलीकडे घरातली साधी खीरसुद्धा तोंडात जाण्याआधी फोनवरून गावभर होते. ज्या देण्याला प्रेक्षक लागतात त्याला ओवाळणी म्हणता येत नाही, ती जाहिरात झाली.

ज्याला वाजवता येत नाही आणि सुताराचा हातही नाही त्याने काय करावे? त्याने पत्र लिहावे. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांची. पहिले त्यांनी आजारपणात माहेरी नायगावी असताना लिहिले. भावाने सनातनी मंडळींची बाजू घेऊन पतीच्या कार्यास नावे ठेवली तेव्हा आपण त्याला काय उत्तर दिले ते त्यांनी त्यात कळवले आहे. तिसरे जुन्नरकडील ओतुरातून, भीषण दुष्काळाच्या वर्षातले. या पत्रांत लाडीगोडी नाही. आहे ते एकमेकांच्या कामाविषयीचे भान. तुम्ही जे करता ते मला दिसते, ते योग्य आहे, आणि मी त्यात आहे, एवढेच त्या सांगतात. यापेक्षा मोठी दाद आम्हांला माहीत नाही. आम्ही गवई माणसे. समेवर आलेली एक ‘वाहवा’ काय करते हे आम्हांला ठाऊक आहे. भर मैफलीत तिऱ्हाइताला दाद देताना आपण मान डोलावतो, आणि घरात रोज सम गाठणाऱ्या माणसासमोर मात्र वर्तमानपत्र धरून बसतो.

आमच्या जुन्या घरांतून यावर एक उत्तर ठरलेले असते. ‘हे बोलून दाखवण्याचे विषय नव्हेत. आमच्यात प्रेम मुके असते.’ या संयमाचा आम्हांलाही अभिमान होता. पतीचे नाव उघड न घेणाऱ्या आजीला त्याचे नाव किती प्रिय होते हे आम्ही पाहिले आहे. पण त्याच आजीने नाव घेण्यासाठी उखाणा रचला होता, हे विसरू नये. नाव घेण्यास बंदी, म्हणून बाईने त्याभोवती स्वतःच्या शब्दांची महिरप घातली. संकोचातूनही हातचे काहीतरी देण्याची वाट बायकांनी काढली. पुरुषांच्या बाजूने त्या संकोचातून बहुधा मौनच निघाले, आणि मौनाला आपण प्रेमाचे नाव दिले. मुके प्रेम असते हे खरे. पण सारे मौन म्हणजे प्रेम असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप घरातल्या बायकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. ‘यांनी एक दिवस शिरा करायचा आणि आम्ही चार दिवस कढई घासायची.’ रोजचे दोन वेळचे जेवण करणारीचे कर्तव्य, आणि वर्षातून एकदा कांदेपोहे करणाऱ्याचे कौतुक, हा न्याय कोणता? गणेशोत्सवात मंडळाच्या पंगतीला शंभर पानांचा मसालेभात करणारे आमचे पुरुष घरात साखरेचा डबा कोठे आहे ते विचारतात. म्हणून या देण्याला एक साधी कसोटी लावावी. आपण जे केले त्याने तिचे काम कमी झाले की वाढले? वाढले असेल तर ती ओवाळणी नव्हे, उपद्रव.

याबाबतीत एका नव्या घराकडून आम्ही शिकलो. उधना-लिंबायतच्या बाजूस गेल्या काही दशकांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. आपली जुनी मंडळी त्यांच्याकडे जरा वरूनच पाहतात, हे कबूल केले पाहिजे. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील तिकडचेच, मागावर काम करणारे. खानदेशात हिवाळ्यात शेतावर वांग्याच्या भरिताची मेजवानी होते आणि तेथे पुरुष चुलीपाशी बसतात, मित्रांसाठी. या गृहस्थाने तीच विद्या घरात आणली. दर रविवारी वांगी भाजण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सारे काम त्याचे. त्याच्या आईने प्रथम नाक मुरडले. तो म्हणाला, ‘दोस्तांना करून खाऊ घालतो तर हिला काहून नाही?’ या प्रश्नाला आमच्या ओळखीच्या एकाही सुशिक्षित घरात उत्तर नाही.

दुसऱ्यांना उपदेश करून मोकळे होणे बरे नव्हे. यंदाच्या गुरुपौर्णिमेला आमच्या वर्गाचा कार्यक्रम झाला. शेवटी आम्ही आभार मानले. तबलजींचे मानले, माइकवाल्याचे मानले, मांडव घालणाऱ्याचे, सभागृहाच्या पहारेकऱ्याचेही मानले. कार्यक्रम संपल्यावर एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘सर, काकूंचं नाव राहिलं का?’ काकू त्या वेळी मागच्या खोलीत चहाचे पेले मोजून टोपलीत भरीत होत्या. अठरा वर्षे आमच्या वर्गाची फी, हजेरी, पालकांची बोलणी आणि रुसलेल्या पोरांची समजूत त्यांनी सांभाळली. अठरा वर्षे नवशिक्यांची बेसूर सरगम ऐकत त्यांनी पोळ्या लाटल्या, आणि कोणाचा गंधार चढा लागतो हे त्या स्वयंपाकघरातून आमच्या आधी सांगतात. आम्ही घरी आल्यावर चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, ‘असू द्या, घरच्यांचे कोण आभार मानतं?’ हे वाक्य त्यांनी हसून म्हटले; आम्हांला मात्र आईचा तो चौदा वर्षांचा वनवास ऐकू आला. वडिलांचा तंबोरा दुरुस्त करताना सूत धरून बसलेल्या मुलानेही तीच चूक केली होती.

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच. दुकानात जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. साडी घ्यावीशी वाटली तर अवश्य घ्यावी, विणकराच्या घरीही दिवाळी असते. पण तबकात एक तरी गोष्ट हातची पडू द्या. माळ्यावर काय पडले आहे ते पाहा: एखादे वाद्य, एखादी अर्धी राहिलेली वही, शिवणाचे बंद पडलेले यंत्र. तिच्या आईच्या हातची एखादी चव असेल तर तिच्या माहेरी विचारून शिकून घ्या. चार ओळी लिहिता येत असतील तर लिहा, आणि त्यांत तिच्या रूपापेक्षा तिच्या कामाविषयी लिहा. काहीच जमत नसेल तर रोजचे एक काम कायमचे आपल्याकडे घ्या आणि त्याचा गवगवा करू नका. हे सारे अर्थात दोन्ही बाजूंना लागू आहे. दिवसभर मागावर किंवा कचेरीत राबून आलेल्या पुरुषालाही आपण दिसतो आहोत हे कळावेसे वाटते. पण आजवरच्या जमाखर्चात थकबाकी कोणाकडे आहे हे सांगावयास नको.

आणि मुख्य म्हणजे वेळ दवडू नका. घरातल्या माणसाचा सूर दर वर्षी थोडा थोडा उतरत असतो. तंबोरा केव्हाही दुरुस्त होतो, गळ्याचे तसे नाही.

आमच्या घरी यंदा पाडव्याला काय आहे, ते येथे लिहिता येत नाही. हे पान छापून आले की सर्वांत आधी आमच्याच घरी वाचले जाते.